ब्लॅकआऊटमधला शेजार

७ मे २०२५. दुपारी आबाचा फोन आला. मी दुसऱ्या पाळीला निघायच्या घाईत. पहाटेच्या आधी सीमेपलीकडं हल्ले झालेले, सगळ्यांच्या मोबाईलवर तेच चाललेलं. भोंग्याच्या सरावासाठी सरकारनं गावांची यादी काढली होती. तिच्यात नाशिक होतं, सिन्नर होतं, मनमाड होतं. आबा ऐंशीला टेकलेला. त्यानं ना तब्येत विचारली, ना जेवण. एकच विचारलं, "काय रं, तुमच्याकडं लाईट घालवनार का?"

मी म्हटलं, सराव आहे आबा, थोडा वेळ भोंगा वाजवतील, झालं.

"घालवली तर बरं," तो म्हणाला. "अंधार केला का मानसं जवळ बसत्यात."

मी हसलो आणि फोन ठेवला. पाळीभर मात्र ते वाक्य सुटेना. साचेखात्यात धागा तुटला की जोडायचा आणि पुढच्या साच्यावर जायचं, तिथं थांबून विचार करायला कुणी पगार देत नाही. तरी मी तीनदा थांबलो आणि जॉबरच्या शिव्या खाल्ल्या. ह्या अंकासाठी माझ्याकडं कविता मागितली होती. ती झाली नाही, हे झालं. कच्चं असेल, पण वाचा.

आबाचं गाव ओझरच्या अंगाला. ओझरला मिग विमानांचा कारखाना १९६४ सालचा. नाशिकच्या दुसऱ्या बाजूला देवळालीचा तोफखाना. म्हणजे लढाई लागली की आपला जिल्हा शत्रूच्या नकाशावर ठळक. १९७१ साली, ३ डिसेंबरला शुक्रवारी संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, आग्रा अशा तळांवर बॉम्ब टाकले. इंदिराबाई त्या दिवशी कलकत्त्यात होत्या. दिल्लीला परतून मध्यरात्रीनंतर त्या रेडिओवर बोलल्या. आबाच्या गावाला ते दुसऱ्या दिवशी कळलं, कारण पंचायतीचा रेडिओ चावडीत कुलपात होता आणि किल्ली झोपलेली होती.

त्या रेडिओची जागा सांगितली पाहिजे. रेडिओ चावडीच्या आत, फळीवर. ओट्यावर गावकरी. आमची माणसं ओट्याच्या खाली, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, धुळीत. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झालेला. धर्मांतराला पंधरा वर्षं झालेली. कुणी "वर येऊ नको" म्हणत नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती, पायाला पायरी आपोआप कळायची. कामगारसभा, आपली आवड, बाजारभाव, बातम्या, सगळं आमच्या लोकांनी रस्त्याच्या रुंदीइतक्या अंतरावरून ऐकलं. आबा म्हणतो, वारा उलटा असला की अर्धीच बातमी मिळायची. पाऊस कुठं पडणार ते ऐकू यायचं, कधी पडणार ते नाही.

लढाई लागली आणि गावात दिवे बंद झाले. वीज नव्हतीच, पण कंदील, चिमणी, गॅसबत्ती सगळं बंद. शेकोटीही बंद. नाशिककडची डिसेंबरातली थंडी ज्यानं अंगावर घेतली आहे त्याला शेकोटी बंद म्हणजे काय ते कळेल. पौर्णिमा २ तारखेला होऊन गेलेली, चंद्र रोज उशिरा यायला लागला. पाच-सहा तारखेपासून संध्याकाळी सातला डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. त्यात कुणीतरी उठवलं की विमानाला रेडिओचा आवाज ऐकू जातो. मग रेडिओ बारीक झाला. बारीक आवाज रस्त्यापलीकडं जाईना. मग खालची माणसं एकेक पाऊल पुढं आली. पहिल्या रात्री ओट्याला टेकली. दुसऱ्या रात्री पायरीवर बसली. तिसऱ्या रात्री आबा ओट्यावर होता.

कुणी बोलावलं नाही. कुणी हटकलंही नाही. अंधारात कोण कुणाला हटकणार? थंडीनं माणसं एकमेकांना चिकटलेली. आबा सांगतो, त्याच्या डाव्या खांद्याला एक खांदा लागला होता. घोंगडीचा वास आणि तंबाखूचा वास. तो गावातल्या एका मोठ्या घरातला कर्ता माणूस होता हे आबानं खोकल्यावरून ओळखलं. त्यानं आबाला ओळखलं का? आबा म्हणतो, ओळखलंच असणार, त्याच्याच मळ्यात मी दारं धरायचो. ढाक्यावर विमानं गेल्याची बातमी आली तेव्हा त्या माणसानं आबाच्या मांडीवर थाप मारली. मांडीवर. १४ डिसेंबरला मिग विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नरच्या घरावर हल्ला केला. गावानं ठरवून टाकलं की ती विमानं आपल्या ओझरचीच. तेव्हा चावडीत जो गलका झाला त्यात, आबा म्हणतो, सगळ्यात मोठा आवाज माझा.

ही माझ्या आबाच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची पंधरा दिवसांची गोष्ट. लग्न, पोरं, ह्या सगळ्याच्या वरची. आम्ही नातवंडांनी ती शंभरदा ऐकली आणि शंभरदा कंटाळलो. पण तिचा शेवट तो घाईनं उरकायचा, हे मला फार उशिरा ध्यानात आलं.

१६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. १७ च्या रात्री आठपासून पश्चिमेकडं लढाई थांबायची होती. गावानं आठ वाजायची वाट पाहिली नाही, अंधार पडताच चावडीत गॅसबत्ती लावली. त्या दिवशी अमावस्या. पंधरा रात्रींच्या काळोखानंतर गॅसबत्तीचा तो पांढरा फक्क उजेड. आणि उजेडात सगळ्यांनी सगळ्यांना बघितलं. कोण कुणाच्या शेजारी बसलंय ते बघितलं.

मी आबाला विचारलं, "उठ म्हणाले का तुला?"

"नाही."

"मग?"

"मीच उठलो. पायरी उतरून खाली गेलो. समदेच आमचे उतरले."

"आणि तो खांदावाला?"

"तो पान लावत व्हता."

एवढंच. शिवी नाही, काठी नाही. गुन्हा नोंदवायला गेलात तर पोलीस विचारेल, काय झालं? काहीच झालं नाही. दिवा लागला.

मी वीस वर्षांचा होतो तेव्हा ह्यावरून आबाशी भांडलो. नुकतंच वाचायला लागलो होतो, पँथरांचं लिखाण हाताला लागलेलं, डोकं पेटलेलं. मी म्हणालो, तू गुलामासारखा उठलास, ते पंधरा दिवस खोटे होते, त्यांना गर्दी हवी होती, गरमी हवी होती, तू त्यांची शेकोटी होतास. आबा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुझ्या खांद्याला लागला का रं कुनाचा खांदा? माझ्या लागला व्हता."

ह्याला उत्तर काय? आज माझा प्रश्न हाच आहे आणि तो मला पुस्तकात सुटलेला सापडत नाही. अंधारात मिळालेली बरोबरी ही बरोबरी का? माझे एक मित्र म्हणतात, ती बरोबरीच नव्हे, फसवणूक होती. पण फसवायला आधी फसवणारा लागतो. तो खांदावाला माणूस काही बेत आखून बसला नव्हता, त्यालाही थंडी वाजत होती. दुसरे एक ओळखीचे गुरुजी म्हणतात, बघा, संकट आलं की देश एक होतो. गुरुजींना मी विचारलं, मग संकट गेलं की काय होतो? ते म्हणाले, तू फार कडवट आहेस.

कडवटपणाचा हिशेब जुना आहे. इंग्रजांनी आमच्या लोकांना पलटणीत घेतलं, मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भरतीची दारं लावली. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा १९१७ साली महारांची १११ नंबरची पलटण उभी केली, १९२१ साली मोडून टाकली. दुसरं महायुद्ध आलं, १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. म्हणजे दिवे गेले की या, दिवे आले की उतरा. चावडीची ती पायरी आबाच्या गावातच होती असं नाही.

आबाचा मेव्हणा, आजीचा धाकटा भाऊ, त्याच रेजिमेंटमध्ये होता. आता आजीचं सांगतो. आबाच्या गोष्टीत आजी नसते.

मी एकदा तिला विचारलं, तू कुठं बसायचीस? ती म्हणाली, "बसायची? मी चावडीच्या मागल्या भिंतीला टेकून उभी राह्यची. बाया वर कुठं येत्यात?" म्हणजे अंधारानं आबाला वर घेतलं, आजीला नाही. तिच्यासोबत आमच्या वाड्यातल्या आणखी दोघी-तिघी. पुरुष बातम्यांसाठी यायचे. ह्या बाया गाण्यांसाठी. विविधभारतीवर फौजी भावांसाठी जयमाला लागायची. शिपायांची नावं वाचायची आणि त्यांनी मागितलेलं सिनेमाचं गाणं लावायचं. ओट्यावर गाणं लागलं की माणसं विड्या काढायची, गप्पा सुरू करायची, आणि आजी भिंतीला कान लावून. तिला गाण्याशी देणंघेणं नव्हतं. तिला नावं हवी होती. भावाचं नाव आलं तर भाऊ आहे, असा तिचा हिशेब.

तो हिशेब चुकीचा होता हे तिला शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं. म्हणाले, बाई, फर्माइशीचं पत्र टाकलं की ते पोचायला, निवडायला, वाचायला किती दिवस जातात. आज नाव वाचलं म्हणजे तो आज आहे असं नाही. मास्तर खरं बोलले. पण विचार करा. रेडिओवर गोड आवाजात नाव येतंय, गाणं सुरू होतंय, प्रेमाचं, पावसाचं, आणि ते मागणारा कदाचित कालच मेलाय. देशभर लोक त्या गाण्यावर मान डोलावतायत. आजी म्हणते, मास्तरांनी सांगितल्यापासून प्रत्येक गाणं मला मयताचं वाटाया लागलं. तरी मी रोज जायची.

ओट्यावरच्या कुणालाच तसं वाटलं नसेल का? आबालाही नाही? मी विचारलं. आबा म्हणाला, गाणी चांगली लागायची.

करमणूक पाप आहे असं माझं म्हणणं नाही. रातपाळीला गाणं नसेल तर मी झोपेत रिंगफ्रेममध्ये हात घालीन. आणि लढाईतली सगळी करमणूक एका जातीची नसते. त्याच १९७१ साली बांगलादेशी लोकांचं स्वाधीन बांगला बेतार केंद्र चालत होतं, परागंदा होऊन कलकत्त्यातून. त्यावर एम. आर. अख्तर मुकुल हा माणूस चरमपत्र नावाचा कार्यक्रम वाचायचा. ढाक्याच्या गल्लीतल्या बोलीत, टर उडवत, लष्कराचं धोतर फेडत. ज्याच्यावर गोळ्या झाडल्या जातायत तो हसतोय, त्या हसण्याला मी करमणूक म्हणत नाही, त्याला दम म्हणतो. (आमच्या आकाशवाणीवर तेव्हा आमची बोली कुठं ऐकू यायची? श्रुतिकेतल्या गड्याच्या तोंडी, साहेबाला हसू यावं म्हणून.) प्रश्न गाण्याचा नाही. कोण कुठं उभं राहून ऐकतोय, त्याचा आहे.

आणि बातम्यांचं तर काय सांगावं. इतके रणगाडे फोडले, इतकी विमानं पाडली. रणगाड्यात माणसं असतात हे आबाला माहीत नव्हतं का? त्याचा मेव्हणा तिकडं होता. पण आकडा आला की गलका, आणि गलका झाला की मांडीवर थाप. त्या थापेची किंमत कुणीतरी अनोळखी माणूस तिकडं जळून भरत होता. माझ्या आबाला जन्मात पहिल्यांदा शेजार मिळाला, तो असा दुसऱ्याच्या मरणावर उभा होता. हे लिहिताना माझा हात जड होतोय. आबाच्या सुखावर मी कोण बोट ठेवणार? पण आपल्या मरणाची कुणी कधी मोजदाद केली नाही असं आपणच म्हणतो ना? मग मोजदादीत मेलेल्या माणसाकडं बघायची जबाबदारी आपल्यावर जास्त की कमी?

१९४२ साली बाबासाहेब मजूरमंत्री असताना मुंबई रेडिओवरून कामगारांशी लढाईबद्दल बोलले होते. सरकारनं छापलेल्या दहाव्या खंडात ते भाषण आहे. मी ते डिक्शनरी घेऊन चार रविवार लावून वाचलं. तीही लढाईतली रेडिओची वेळ. पण त्यात मांडीवर थाप नाही. लढाई जिंकली पाहिजे हे ते स्वच्छ सांगतात, कारण नाझी जिंकले तर कामगाराचं माणूसपणच संपेल. आणि लगेच विचारतात की जिंकून काय करणार. राष्ट्रवाद हे कामगाराच्या लेखी साधन आहे, साध्य नाही. माणसामाणसांतले संबंध बदलणार नसतील तर जुनंच जग परत मिळवण्यासाठी कामगारानं का मरावं? चावडीवरच्या रेडिओनं पंधरा दिवसांत हा प्रश्न एकदाही विचारला नाही. विचारला असता तर गॅसबत्ती लावणाऱ्याचा हात जरा थांबला असता का, कोण जाणे.

त्याच महिन्याच्या २९ तारखेला दादासाहेब गायकवाड गेले. दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचा माणूस. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली ज्यानं पुढं राहून चालवला, भूमिहीनांसाठी हजारोंनी तुरुंग भरले, तो. आमच्या जिल्ह्याचा बाप. आबाला ती बातमी कशी कळली? नाशिकहून एसटीनं आलेल्या माणसानं सांगितली. रेडिओवर लागली असेलही. पण तोवर आमची माणसं रस्त्याच्या पलीकडं परत गेली होती, आणि बारा दिवसांपूर्वीच्या खांद्यानं रस्ता ओलांडून सांगायचे कष्ट घेतले नाहीत. ढाका पडल्याची बातमी आबाला मांडीवर मिळाली. स्वतःच्या माणसाची बातमी फाट्यावर.

आजीचा भाऊ जिवंत परतला. १९७२ च्या उन्हाळ्यात रजेवर आला आणि येताना ट्रान्झिस्टर घेऊन आला, आमच्या वाड्यातला पहिला. आजीनं विचारलं, तू गाणं मागितलं व्हतं का? तो म्हणाला, लढाईच्या आधी एकदा कार्ड टाकलं होतं, लागलं का नाही ठाऊक नाही. मग त्यानं हसत सांगितलं की पलीकडच्या एका बंकरात त्यांना रेडिओ सापडला, चालू होता, आणि सुई आपल्याच स्टेशनावर. आपलीच गाणी ऐकत होते लेकाचे. आबा खूप हसला. आजीनं विचारलं, "ऐकनारे कुठं गेले?" भावानं ट्रान्झिस्टरचा आवाज वाढवला.

त्यानंतर आमची माणसं चावडीकडं गेली नाहीत. ट्रान्झिस्टर होता. आबाचं म्हणणं, तेही चुकलंच. आपला रेडिओ आला आणि जवळ बसायचं कारणच गेलं. इथं मी त्याच्याशी सहमत नाही. दुसऱ्याच्या ओट्यावर अंधाराची वाट बघत बसण्यापेक्षा आपल्या दारात उजेडात बसावं. पण रात्री झोपताना मला त्याचं ते वाक्य छळतं, कारण माझ्याकडं आता मोबाईल आहे आणि माझ्या शेजारीही कुणी बसत नाही.

८ मे २०२५ ची रात्र. पाळी सुटल्यावर गेटसमोरच्या टपरीवर गर्दी होती. एकाच्या मोबाईलवर निवेदक घसा फोडून सांगत होता की कराची बंदर उद्ध्वस्त झालं. मॅचमध्ये षटकार गेल्यावर जो आवाज लावतात तोच आवाज. टाळ्या पडल्या. माझे हातही गेले, खोटं कशाला बोलू. सकाळी कळलं, बातमी खोटी, बंदर जागेवर. खोट्या बातमीवर वाजवलेली टाळी परत घ्यायची सोय नसते. पण मला जास्त लागलं ते हे, की बातमी खरी असती तर मी टाळीचा विचारही केला नसता.

त्याच रात्रीचं, दीडेक तास आधीचं सांगायचं राहिलं. जेवणाच्या सुटीत कँटीनला एक पोरगा माझ्या शेजारी येऊन बसला. बिहारकडचा, नवीन लागलेला, डॉफर. धर्मशाळेला पंजाब-दिल्लीची मॅच चालू होती आणि तो कॉमेंट्री ऐकत होता. पंजाबची फटकेबाजी सुरू होती, त्याला एकट्याला ते सोसेना. त्यानं कानातली एक दोरी काढली आणि माझ्या कानात घातली. शर्टाला पुसली पण नाही. दोरी आखूड, म्हणून आमचे खांदे चिकटले. मला आबा आठवला. डावाच खांदा होता.

दोन षटकं आम्ही तसे ऐकली. मग चौकाराच्या आवाजात त्यानं सहज विचारलं, "भैया, पूरा नाम क्या है?"

मी सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. आणि ह्या वेळी उठायचं नाही असं ठरवून बाकावर घट्ट बसलो.

अकरावं षटक नुकतं लागलं होतं. तेवढ्यात धर्मशाळेच्या मैदानावरचे दिवे गेले. कॉमेंटेटर अडखळला, काहीतरी बोलला, आणि खेळ थांबला. पोरग्यानं माझ्या कानातली दोरी काढून घेतली, मोबाईलला गुंडाळली आणि डबा धुवायला निघून गेला. मॅच बंद पडली म्हणून गेला, की नाव ऐकून गेला, मला कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याची पाळी बदलली.

आबाला हे अजून सांगितलेलं नाही. तो विचारील, उजेड होता का कँटीनला? होता.